फाटकाबाहेरचा मालक

कंधारच्या शाळेत रुजू झाल्यावर खोली शोधत मी त्या बंगल्यापाशी पोचले, तेव्हा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली, लोखंडी घडीची खुर्ची टाकून एक गृहस्थ क्लॅरिनेट वाजवत बसले होते. पांढरा पायजमा, वर बनियन, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. केस मेंदीनं लालभडक. मी जरा वेळ थांबले. मग विचारलं, "घरमालक आत आहेत का?"

त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. नाहीत.

"कधी येतील?"

एक बोट वर झालं. थांबा. मग त्यांनी तो सूर सावकाश खाली आणला, तोंड पुसलं, खुर्चीची घडी करून काखेत मारली आणि फाटक उघडून आत गेले. आत गेल्यावर वळून म्हणाले, "या ताई. आला मालक."

सगळं गाव त्यांना मास्टर म्हणायचं. शाळेतले मास्तर नव्हेत, बँडमास्टर. एके काळी कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यात त्यांच्या बँडची तारीख मिळाल्याशिवाय लोक लग्नाचा मुहूर्त काढत नसत, असं ते सांगायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "हौ, इतकं बी न्हवतं." पण त्या बँडच्याच कमाईवर त्यांनी तो बंगला विकत घेतला होता, एवढं मात्र खरं.

बंगला म्हणजे तालुकदाराचा बंगला. निजामाच्या राज्यात कुणा तालुकदारानं बांधलेला. तालुकदार हैदराबादला निघून गेला, त्यानंतर घर एका आडत दुकानदार शेठनं घेतलं, शेठकडून एका वकिलानं, वकिलाकडून मास्टरनी. तीन मालक येऊन गेले, चौथा राहत होता, तरी रिक्षावाल्याला 'मास्टरचं घर' म्हटलं की तो म्हणायचा, "कोणतं? ते तालुकदाराचं का?" याचा मास्टरना राग येत नसे. उलट तेच दुरुस्ती करायचे. पोस्टमननं त्यांच्या नावानं हाक मारली तर म्हणायचे, "तालुकदार साहेबाच्या घरात राहतो तो मीच. आण इकडं."

माझे वडील अर्धापूरहून केळीचा अख्खा घड घेऊन खोली बघायला आले. एकट्या मुलीला कुठं ठेवतोय, हे त्यांना बघायचं होतं. मास्टरनी घड उतरवून घेतला आणि त्यांना घर दाखवायला सुरुवात केली.

"हे दगडी जोतं अन् ह्या रंगीत काचा तालुकदार साहेबांच्या. माणूस शौकीन व्हता. हे फाटक, हे मागचं कोठार अन् ही मागची खोली शेठजींची. शेठजींना चोराचं लई भय, म्हणून फाटक असं किल्ल्यावानी. वरची गच्ची अन् हा जिना वकीलसाहेबांचा. जिना जपून चढा पाटील, वकीलसाहेबांना घाई लई व्हती, पायऱ्या सारख्या न्हाईत."

वडिलांनी जिना चढता चढता विचारलं, "अन् तुमचं काय?"

"माझं काय?"

"न्हाई, तुम्ही काय बांधलं?"

मास्टर थांबले. "मी? मी काय बांधणार पाटील? मी राहतो."

परत जाताना वडील मला म्हणाले, "माणूस चांगला हाय. जरा हललेला हाय, पण चांगला हाय. राहा तू."

त्या घरात राहायचं म्हणजे एकूण चार मालकांबरोबर राहायचं होतं. मास्टर घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्याच्या नावानं बोलत. फाटकाच्या कडीत बोट सापडलं की त्या कडीवर ओरडत नसत, शेठजींवर ओरडत. "शेठजी, एवढी जाड कडी! काय हत्ती बांधायचा व्हता?" दुपारी दिवाणखान्याच्या फरशीवर लाल-हिरवं ऊन पडलं की एकदम नरम होऊन म्हणायचे, "वा तालुकदार साहेब." जिन्यावर ठेच लागली की वकीलसाहेबांचा उद्धार व्हायचा. चाची भाजी निवडता निवडता मला म्हणायच्या, "बाई, इनकू समझाव. घरात आपण दोघं अन् धाकटी पोरगी, पण ये दिवसभर त्या तिघांशी भांडते."

वकीलसाहेबांचा प्रकार तर सांगण्यासारखाच आहे. मी राहायला गेले त्या वर्षी पावसाळ्यात गच्ची गळायला लागली. माझ्या खोलीच्या बाहेरच धार लागली. मी मास्टरना सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि खिशातून फोन काढून थेट नांदेडला वकीलसाहेबांना लावला. घर विकून वकीलसाहेब कधीच नांदेडला गेलेले, म्हातारे झालेले, वकिली मुलाकडे दिलेली.

"साहेब, सलाम. तुमची गच्ची गळून राहिली."

फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "माझी? माझी कशी काय? अहो मास्टर, खरेदीखत होऊन किती वर्षं झाली!"

"हाव साहेब. घर दिलं तुम्ही मला. गळती कुठं दिली? खरेदीखतात गळती लिवलेली न्हाई."

आयुष्यभर कोर्टात भांडलेल्या माणसाला एवढं बिनतोड काही बऱ्याच दिवसांत कुणी ऐकवलं नसावं. पुढच्याच रविवारी वकीलसाहेब बसनं कंधारला हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गच्चीवर चढले, पाणी कुठून कुठं जातंय ते वाकून वाकून पाहिलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "मास्टर, हा उतार मिस्त्रीनं उलटा दिलाय. मी तेव्हाच म्हणालो होतो!"

"मग तेव्हाच भांडायचं न्हाई का साहेब? एवढे वकील तुम्ही!"

चाचींनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता. वकीलसाहेब पोटभर जेवले, दिवाणखान्यात तासभर झोपले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. त्यानंतर दर वर्षी मृगाच्या आधी ते न बोलावता यायचे. 'गच्ची बघून जातो' म्हणायचे. गच्ची पुढच्याच उन्हाळ्यात नीट झाली होती; मिस्त्रीही मास्टरनीच लावला होता. पण वकीलसाहेबांना तसं कुणी सांगितलं नाही, आणि गच्चीवर जाऊनही त्यांनी ते कधी पाहिलं नाही. पाहिलं असलं तर बोलले नाहीत.

हे सगळं मजेचं होतं. एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मास्टर रोज सकाळी क्लॅरिनेट घेऊन फाटकाबाहेर का जातात? एवढा मोठा दिवाणखाना, एवढं अंगण, आणि हा माणूस धुळीत, एसटीच्या धुरात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे नमस्कार घेत रस्त्यावर बसून वाजवणार. पाऊस असला तर छत्री चाचींनी धरायची. मी विचारलं की दर वेळी नवीन उत्तर मिळायचं. "आत कबुतरं हायत बाई, सुराला बिचकतात." किंवा, "तालुकदार साहेबांच्या काचा हायत, तडकतील." एकदा म्हणाले, "बँडवाला आत वाजवत न्हाई. रिवाज हाय."

"पण घर तुमचं आहे ना?"

"हाय की. म्हणून तर फाटक मी उघडतो, मी लावतो."

तोवर बँड जवळजवळ संपलाच होता. डीजे आला होता. ट्रकवर कपाटाएवढे कर्णे लावून लोक वराती काढायला लागले आणि मास्टरची माणसं एकेक करून पांगली. ट्रम्पेटवाला हैदराबादला वॉचमन झाला, ढोलवाल्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. लाल कोट आणि झालरीच्या टोप्या शेठजींच्या कोठारात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या होत्या. डीजेचं नाव काढलं की मास्टर थुंकायचे. "फुंकर न्हाई, बोट न्हाई, नुसतं बटन. बटन तर पंख्याला बी असतं!"

अशातच त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा उदगीरचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गावात शादीखाना होता, सगळे तिथंच करतात. पण मास्टर अडून बसले. निकाह घरच्या अंगणात होणार. आणि आधीच्या सगळ्या मालकांना बोलावणार.

चाचींनी कपाळावर हात मारला. "कुणाकुणाला?"

"सगळ्यांना. त्यांच्या घरातून आपली पोरगी चालली. त्यांना सांगाया नको?"

वकीलसाहेबांना फोन झाला, ते तर एका पायावर तयार. तालुकदाराच्या घरच्यांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून मास्टरनी पत्रिकेवर उर्दूत 'तालुकदार साहेबांचा खानदान, हैदराबाद' एवढंच लिहिलं आणि पोस्टात टाकली. महिन्यानं ती शिक्के खाऊन परत आली. मास्टर खूश. "बघा बाई, पोचली तर सही हैदराबादपर्यंत!"

शेठजी केव्हाच वारले होते. त्यांच्या मुलाचं लातूरला गंज बाजारात दुकान होतं. मास्टर स्वतः पत्रिका घेऊन गेले, नवीन शेरवानी घालून. संध्याकाळी परत आले. जेवताना चाचींनी विचारलं, "काय बोलले?"

"बघू म्हणाले."

"बसा म्हणाले का?"

मास्टरनी भाकरीचा तुकडा मोडला. "गिऱ्हाईक व्हतं दुकानात. कसं म्हणतील."

लग्नाच्या दिवशी शेठजींचा मुलगा आला नाही. आली ती त्याची बहीण. सकाळची वेळ, अंगणात मांडव, देगीखाली जाळ, माझी खोली पाहुण्यांच्या पिशव्यांनी भरलेली. तेवढ्यात नऊवारी नेसलेली एक ठेंगणी बाई फाटकातून आत आली, कुणालाही काही न विचारता सरळ मागच्या बाजूला चालत गेली आणि माझ्या खोलीत येऊन खिडकीपाशी उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"कोण पाहिजे काकू?"

"कुणी न्हाई. ही माझी खोली." मग माझ्याकडे वळून हसल्या. "म्हणजे व्हती. मी मुरुडहून आले. दादाच्या दुकानात पत्रिका पडलेली बघितली, म्हटलं आपण जावं. लातूरला गाडी बदलली." खिडकीच्या गजावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझं लग्न इथनंच झालं. ह्याच खिडकीत बसवलं व्हतं मला. बाहेर कुणीतरी किलारनेट वाजवत व्हतं. मला सासरी जायचं न्हवतं हो. सकाळपासनं रडून रडून डोळे सुजले. अन् ते सुरू झालं तर रडायचंच राहून गेलं. आईला म्हटलं, कोण वाजवतंय ते बघू दे. आई म्हणाली, नवरीनं बाहेर बघू नये."

मी जाऊन मास्टरना घेऊन आले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मान खाली, दोन्ही हात पुढे बांधलेले. स्वतःच्या घरात, लेकीच्या लग्नात, नव्या शेरवानीत असे उभे राहिले की मला तेच तिथं परके वाटले.

"ताईसाहेब, सलाम."

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते? किलारनेट?"

"हाव. तेव्हा नवीन व्हतो. मिशी बी फुटली न्हवती."

"आत का न्हाई आलात तेव्हा? जेवायला तरी?"

मास्टर हसले. "आत कुठं ताईसाहेब! आम्ही फाटकाबाहेर. लिंब तेव्हा एवढासा व्हता, सावली बी न्हवती. वैशाखाचं ऊन. पाणी मागितलं तर तुमच्या घरचा गडी तांब्या घेऊन आला. वरनं ओतला. वंजळीत घेऊन प्यालो. अर्धं पाणी कोपरावरनं गेलं. दुसरा तांब्या मागितला तर म्हणला, वाजवा आता, पावणे आले." जरा थांबून ते घाईनं म्हणाले, "शेठजींना ठाऊक नसंल. त्यांना हजार कामं."

"ठाऊक असंल," काकू म्हणाल्या. "आमच्या बाबांना तांब्या अन् तांब्या ठाऊक असायचा."

बाहेर देगीवर पळा आपटत होता. मला वाटलं काकू आता माफी मागतील, मास्टर नको नको म्हणतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "किलारनेट कुठं हाय तुमचं?"

"हाय की. पण आज..."

"घ्या. अंगणात वाजवा, मधोमध. मी बाहेर जाऊन बसते. बाहेरनं कसं ऐकू येतं ते मला बघायचं हाय."

"ताईसाहेब, तुम्ही रस्त्यावर कशाला? लोक काय म्हणतील?"

"मी आता नवरी न्हाई," काकू म्हणाल्या, आणि निघाल्याच.

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि लिंबाखाली मास्टरची लोखंडी खुर्ची टाकून मांडीत पिशवी घेऊन बसल्या. मास्टर अंगणाच्या मधोमध उभे. आचारी, पाहुणे, वकीलसाहेब, सगळे बघायला लागले. पहिली फुंकर फुकट गेली, नुसती हवा. दुसऱ्यांदा एक चिरका आवाज निघाला. मास्टरनी इकडंतिकडं पाहिलं, जणू कुणीतरी 'बाहेर हो' म्हणून ओरडणार होतं. चाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "वाजवा ना जी. घर आपलंच हाय." एवढ्या हळू आवाजात मी चाचींना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मग सूर लागला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. मी रोज सकाळी दात घासताना ते क्लॅरिनेट ऐकत होते आणि मला ते आवडायचं, इतकंच. पण त्या दिवशी ते चारी भिंतींना लागून परत येत होतं. रस्त्यावर जे वाऱ्यावर जायचं ते इथं भरून राहत होतं. मेंदीचे हात पुढे धरून धाकटी लेक खिडकीत आली. नवरीनं बाहेर बघू नये असं तिला कुणी म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत गेले. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. समोरून एसटी गेली, धूळ उडाली, त्यांनी डोळे उघडले नाहीत.

वाजवून झाल्यावर मास्टर फाटकापाशी आले. काकू म्हणाल्या, "चांगलं ऐकू येतं बाहेरनं. पण ऊन लागतं."

दुपारी उदगीरची वरात आली ती डीजेसकट. काचा थरथरायला लागल्या, कबुतरं उडाली, मास्टर तणतणत बाहेर धावले आणि व्याह्यांनी त्यांना मिठी मारून गप्प केलं. लेक सासरी गेली. काकू मुक्कामाला राहिल्या, माझ्या खोलीत, म्हणजे त्यांच्या खोलीत. सकाळच्या गाडीनं गेल्या.

पाहुणे पांगले आणि त्याच आठवड्यात मास्टरनी मिस्त्री बोलावला. फाटकाशेजारच्या भिंतीत बाहेरच्या बाजूनं नळ काढायचा, वर टाकी, खाली फरशी, लिंबाच्या बुंध्याशी बसायला ओटा. मिस्त्री म्हणाला, "मास्टर, तोटी आतल्या अंगाला काढू. बाहेर काढली तर सगळं गाव पाणी भरंल."

"भरू दे."

"तुमच्या काय कामाचं मग ते?"

"तू काढ," मास्टर म्हणाले.

चाचींनी बरीच कुरकुर केली, मोरीतला नळ वर्षभर गळतोय तो दिसत नाही का म्हणून. नळ झाला. मास्टरनी काकूंना फोनवर सांगितलं असावं, कारण थोड्याच दिवसांत मुरुडहून एसटीच्या पार्सलनं एक खोकं आलं. आत स्टीलचे पेले. प्रत्येकावर काकूंचं नाव कोरलेलं. त्यातले काही लगेचच चोरीला गेले. मी साखळी लावा म्हटलं, तर मास्टर म्हणाले, "पेल्याला काय साखळी लावता बाई, तो काय पळून जातो का? माणूस नेतो. नेऊ द्या."

पुढं माझी लातूरकडे बदली झाली, लग्न झालं, कंधार सुटलं. मध्ये एकदा जुन्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला गेले होते, ऐन लग्नसराईत. बंगल्यापाशी रिक्षा सोडली. मास्टर ओट्यावर बसलेले, केस तसेच लालभडक, पाय सुजलेले. फुंकर आता पुरत नाही म्हणाले. आम्ही बोलतोय तोच एक डीजेचा ट्रक येऊन थांबला. घामानं निथळणारी चार-पाच पोरं उड्या मारून खाली उतरली आणि नळावर तुटून पडली. आवाज चालूच. बोललेलं काही ऐकू येईना.

"मास्टर, हे तुमच्या नळावर?" मी ओरडून विचारलं. "डीजेवाले?"

मास्टरनी पेला विसळून एका पोराच्या हातात दिला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वाजवता येत न्हाई त्यांना, ते येगळं. तहान तर खरी लागती ना बाई."